कलचाचणीचं पॅकेज : ‘अप्लाइड आर्ट की नर्सिंग’ हा प्रश्न घेऊन गेलात तर हाती काय लागतं?

दहावी-बारावीचे निकाल जवळ आले की पुण्या-मुंबईपासून लातूर-नांदेडपर्यंत ‘कलचाचणी आणि करिअर समुपदेशन’ अशा पाट्या झळकू लागतात. पॅकेजचा साचा जवळपास सगळीकडे एकच असतो. दोन ते चार तासांची चाचणी (क्षमता आणि आवड, दोन्हींची), पंधरा-वीस पानांचा रंगीत रिपोर्ट आणि आई-वडिलांसकट तासाभराची बैठक. किंमत हजार-दीड हजारापासून पंधरा-वीस हजारांपर्यंत काहीही. हे परीक्षण या सेवेचं आहे, पण एकाच प्रश्नापुरतं. मुलीचा किंवा मुलाचा हात चांगला आहे, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड आहे, अप्लाइड आर्ट किंवा ॲनिमेशन करायचंय. घरचे म्हणतात नर्सिंग कर, फिजिओ कर, नाहीतर लॅबचं काहीतरी कर, हाताला कायमचं काम राहील. अशा घरानं हे पॅकेज घ्यावं का?

आमचं मत आधीच सांगून टाकतो. क्षमता चाचणी ठीक. आवडीची चाचणी या विशिष्ट प्रश्नाला जवळपास निरुपयोगी, आणि का ते पुढे येईलच. रिपोर्टची अर्ध्याहून अधिक पानं कुठल्याही मुलाला चालतील अशी असतात. पैसे वसूल होतात ते फक्त बैठकीत, आणि तेही समोरच्या माणसाला प्रवेशाचे नियम, नोंदणी, पगाराची रचना आणि पोर्टफोलिओ या चारही गोष्टी माहीत असतील तरच.

सुरुवातीलाच एक गाळणी लावा. बोटांचे ठसे घेऊन ‘जन्मजात कल’ सांगणारं पॅकेज असेल, ज्याला डीएमआयटी म्हणतात, तर तिथूनच परत फिरा. बोटांवरच्या रेघा आईच्या पोटात पहिल्या पाच महिन्यांत ठरतात. त्यावरून चित्रकार की परिचारिका हे सांगता येतं याला कसलाही शास्त्रीय आधार नाही, आणि इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनेही तसं जाहीरपणे म्हटलेलं आहे. गंमत म्हणजे बऱ्याच ठिकाणी हेच पॅकेज सगळ्यात महाग असतं.

क्षमता चाचणी

गंभीरपणे काम करणाऱ्या ठिकाणी साधारणपणे डीबीडीए (डेव्हिड्स बॅटरी ऑफ डिफरन्शियल ॲबिलिटीज) किंवा डीएटी (डिफरन्शियल ॲप्टिट्यूड टेस्ट्स) यांपैकी एक बॅटरी, म्हणजे उपचाचण्यांचा संच, वापरतात. काही संस्थांच्या स्वतःच्या चाचण्याही आहेत. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिलफर्डच्या बुद्धिरचनेच्या मांडणीवर काम करत आली आहे. ही मांडणी आपल्या प्रश्नाला जवळची आहे, कारण तिच्यात एकच बरोबर उत्तर शोधणारा विचार आणि अनेक उत्तरं काढणारा विचार वेगवेगळे मोजले जातात. बाजारातल्या बहुतेक पॅकेजांत हा दुसरा भाग मोजलाच जात नाही. तरीही रिपोर्टमध्ये ‘सर्जनशीलता : उच्च’ असं छापलेलं दिसतं. ते कशावरून काढलं हे विचारा. बहुतेक वेळा ते आवडीच्या प्रश्नावलीतून उचललेलं असतं, म्हणजे मुलानं स्वतःच ‘मला चित्रं काढायला आवडतात’ यावर खूण केलेली असते.

डीबीडीएत आठ उपचाचण्या आहेत : शाब्दिक, सांख्यिक, अवकाशीय, अपूर्ण आकृती पूर्ण ओळखण्याची, कारकुनी वेग-अचूकता, तर्क, यांत्रिक आणि हाताच्या हालचालींची. गुण ‘स्टेन’मध्ये देतात, म्हणजे १ ते १० या पट्टीवर. सरासरी ५.५ आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप, २. घरोघरी इथेच गोंधळ होतो. अवकाशीय ७ आणि शाब्दिक ६ आले की ‘बघा, कलाच’ असा निष्कर्ष निघतो. पण उपचाचणीची विश्वासार्हता (पुन्हा दिली तर तसेच गुण येण्याचं माप, जास्तीत जास्त १) ०.७५ धरली, तर एकेका गुणातली प्रमाण त्रुटीच, म्हणजे गुण नुसत्या योगायोगानं इकडेतिकडे सरकण्याचं माप, १ स्टेनची असते, आणि दोन उपचाचण्यांच्या फरकातली सुमारे १.४. त्यामुळे दोन गुणांत जवळजवळ ३ स्टेनचा फरक नसेल तर तो फरक नाहीच असं धरून चाला. समुपदेशक एका स्टेनच्या फरकावर शाखा ठरवत असेल तर त्याला ही त्रुटी विचारा. उत्तर आलं नाही तर बाकीची बैठक कशी जाणार ते तिथेच कळेल.

चुका कुठे होतात तेही पाहा. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी पुस्तिका दिली की शाब्दिक गुण पडतात, आणि मग ‘भाषा कच्ची’ असा शेरा बसतो. मराठी पुस्तिका आहे का, आणि तिचे मानदंड (ज्यांच्याशी तुलना करून गुण ठरतात ते आकडे) मराठी मुलांवरच काढलेत का, हे पैसे भरण्याआधी विचारायचं. सलग आठ उपचाचण्या घेतल्या की शेवटच्या दोन-तीन थकव्यात जातात, तेव्हा मध्ये विश्रांती आहे ना ते पाहा. मोबाइलवर घरबसल्या दिलेल्या चाचणीत वेळेचं बंधन ढिलं पडतं, शेजारी भावंडं असतात. अशा निकालावर फार विसंबू नये.

आता गुण वाचायचे कसे? ‘अवकाशीय जास्त म्हणजे कला’ हे अर्धसत्य आहे. वस्तू मनात फिरवून पाहण्याची क्षमता थ्रीडी मॉडेलिंगला लागते, तशीच फिजिओथेरपीत सांध्यांची हालचाल समजायला आणि क्ष-किरण चित्र वाचायलाही लागते. हा गुण दोन्ही दारं उघडी ठेवतो, एकही बंद करत नाही. हाताच्या हालचालींची चाचणी म्हणजे चित्रकला नव्हे. तिच्यात ठरावीक चौकटीत रेघा वेगानं मारायच्या असतात. घरच्यांचं कधी लक्ष न जाणारी कारकुनी वेग-अचूकता मात्र नर्सिंगसाठी महत्त्वाची आहे. दोन सारख्या दिसणाऱ्या नावांतला फरक चटकन ओळखणं म्हणजे औषधाचा तक्ता वाचणं. नावं मिळतीजुळती असलेल्या औषधांची अदलाबदल हा वॉर्डातला नेहमीचा धोका आहे. इथे ३ किंवा ४ स्टेन आले असतील तर त्यावर बैठकीत बोलणं व्हायला हवं. सहसा होत नाही.

एका गोष्टीचा रिपोर्टमध्ये पत्ताच नसतो, ती म्हणजे रंगदृष्टी. लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणं मुलग्यांमध्ये जास्त आढळतं, आणि ते दोन्हीकडे आड येतं : लॅबमध्ये रंगवलेली स्लाइड पाहताना आणि छपाईचे किंवा पडद्यावरचे रंग जुळवताना. नेत्रतज्ज्ञाकडे इशिहाराच्या तक्त्यांवर पाच मिनिटांत कळतं. ही तपासणी कलचाचणीच्या आधी करून घ्या.

आवडीची चाचणी आणि तिचा षटकोन

बहुतेक प्रश्नावल्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंडच्या आवडीच्या सहा प्रकारांवर उभ्या असतात : वास्तवदर्शी, शोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमशील, पद्धतशीर. हे प्रकार याच क्रमानं एका षटकोनाच्या कोपऱ्यांवर बसतात. शेजारचे कोपरे एकमेकांना जवळचे, समोरासमोरचे सगळ्यात दूर.

आता कलात्मक कोपऱ्याचे शेजारी कोण ते पाहा. एका बाजूला शोधक, दुसऱ्या बाजूला सामाजिक. आणि नर्सचं किंवा फिजिओथेरपिस्टचं काम साधारण याच दोन कोपऱ्यांत मोडतं. म्हणजे ज्या मुलाला चित्रं काढायला आवडतात आणि माणसांत राहायलाही आवडतं, त्याचा ‘सामाजिक-कलात्मक-शोधक’ असा कोड (सगळ्यात जास्त गुणांचे तीन प्रकार) येणं ही अगदी सरळ गोष्ट आहे. त्यात ना द्वंद्व आहे ना गोंधळ. रिपोर्ट म्हणतो, ‘तुम्हाला कला आणि आरोग्यसेवा दोन्हींत रस आहे.’ अहो, हे तर घरून निघतानाच ठाऊक होतं! राज्य मंडळानं दहावीच्या मुलांसाठी २०१६ पासून काही वर्षं जी मोफत कलचाचणी घेतली, तिच्या सात क्षेत्रांतही ललित कला आणि आरोग्य व जैविक विज्ञान ही दोन स्वतंत्र क्षेत्रं होती. त्या निकालपत्रांवरही हीच जोडी एकत्र आली तर पुढे काय, हे कागद सांगू शकत नव्हता.

या प्रश्नावलीतला खरा कामाचा आकडा वेगळाच आहे. कलात्मकच्या बरोबर समोरचा कोपरा पद्धतशीरचा. नर्सिंगमध्ये सेवाभावाइतकाच पद्धतशीरपणाही लागतो, आणि त्याची चर्चा कुणी करत नाही. दर ड्यूटीला हँडओव्हर, ठरल्या वेळी तापमान-नाडी-रक्तदाब, प्रत्येक प्रोसीजरची नोंद, शिकत असताना लॉगबुक आणि केस प्रेझेंटेशन, सगळं ठरलेल्या क्रमानं. इथे ‘मी वेगळ्या पद्धतीनं करून बघतो’ याला जागा नसते, आणि नसावीच. तेव्हा कलात्मक आणि सामाजिक गुणांची झुंज लावत बसण्यापेक्षा पद्धतशीर गुण बघा. तो मध्यम किंवा जास्त असेल तर नर्सिंगचा दिवस त्या मुलाला जाचणार नाही. तो तळाला असेल आणि कलात्मक टोकाला, तर वर्षभरानं ‘मुलगी वॉर्डात रमत नाही’ अशी तक्रार येण्याची शक्यता मोठी. हा आकडा रिपोर्टच्या आलेखात असतो, मजकुरात क्वचित. म्हणून सहाही प्रकारांचे मूळ गुण आकड्यांत मागून घ्या. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी गुणांतलं अंतर फारच थोडं असेल, तर आवड अजून आकाराला आलेली नाही इतकाच अर्थ घ्यायचा आणि कोड बाजूला ठेवायचा.

बैठक : पैसे इथेच वसूल होतात

चांगला समुपदेशक पहिल्या दहा मिनिटांत रिपोर्ट मिटवतो आणि दारांविषयी बोलायला लागतो. कारण या दोन वाटांची दारं सारखी नाहीत.

उपयोजित कलेच्या, म्हणजे अप्लाइड आर्टच्या, चार वर्षांच्या पदवीला कुठल्याही शाखेची बारावी चालते. नर्सिंगच्या चार वर्षांच्या बी.एस्सी.ला भौतिक, रसायन, जीव आणि इंग्रजी हे विषय लागतात, खुल्या गटात ४५ टक्के, आणि वय १७ पूर्ण. म्हणजे अकरावीत विज्ञान घेतलेली मुलगी बारावीनंतर कलेकडे वळू शकते, पण कला शाखा घेतलेली मुलगी बी.एस्सी. नर्सिंगकडे वळू शकत नाही. तिच्यासाठी तीन वर्षांचं जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, उरतं. त्याला विज्ञानाला प्राधान्य असलं तरी इतर शाखाही चालतात. ‘आधी कला करून बघू, नाही जमलं तर नर्सिंग’ हा बेत त्यामुळे अकरावीच्या फॉर्मवरच कोसळतो. अकरावीत जीवशास्त्र ठेवणं हा महागडा पर्याय आहे, मान्य. दोन वर्षं त्या अभ्यासात गेली की स्केचबुक कोरं राहतं. पण ही किंमत समजून मोजणं वेगळं आणि नकळत दार लावून घेणं वेगळं.

परीक्षांचंही तसंच. बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्याची स्वतंत्र सीईटी आहे : ९० मिनिटांत १०० प्रश्न, भौतिक, रसायन, जीव, इंग्रजी आणि नर्सिंग अभिरुची यांचे प्रत्येकी २०. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीला (आजार-अपघातानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून दिले जाणारे उपचार) मात्र नीट द्यावीच लागते. ‘आरोग्य क्षेत्र’ असा एकच रकाना करून बोलणाऱ्या समुपदेशकाकडून हा फरक हमखास निसटतो, आणि एप्रिलमध्ये कळतं की नीटचा फॉर्म भरलाच नाही. कलेकडे राज्याची एएसी (अप्लाइड आर्ट्स ॲण्ड क्राफ्ट्स) सीईटी आहे. तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कलाविषयक सामान्य ज्ञान असतं. आयआयटीतल्या डिझाइनसाठी यूसीड, एनआयडीसाठी डॅट. यूसीडमध्ये ३०० पैकी २०० गुण संगणकावरच्या भागाला आणि १०० चित्राच्या भागाला आहेत. म्हणजे फक्त हात चांगला असून भागत नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेडचे दहावीत वाढीव गुण मिळतात, त्यामुळे त्या परीक्षा घोकूनही देतात. ए ग्रेड म्हणजे शिस्तीत बसून रंगवता येतं, एवढंच. डिझाइनच्या परीक्षेत ‘पावसात बसथांब्यावर उभ्या असलेल्या अंध माणसासाठी काहीतरी सुचवा’ अशा वळणाचे प्रश्न येतात.

फीच्या बाबतीत बैठकीत एक गोष्ट आवर्जून निघायला हवी. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असेल तरच. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेली जागा त्यात बसत नाही, खासगी विद्यापीठं बसत नाहीत. मॉलशेजारच्या ॲनिमेशन इन्स्टिट्यूटचं सर्टिफिकेट तर नाहीच नाही. ‘कला महाग, नर्सिंग स्वस्त’ किंवा उलट, हे सरसकट बोलणं म्हणूनच फसवं. सरकारी आर्ट कॉलेजातली जागा आणि खासगी नर्सिंग कॉलेजातली कोट्याची जागा यांची तुलना केली तर नर्सिंगच कितीतरी महाग पडतं.

‘स्थिर’ म्हणजे नेमकं काय ते विचारा

आई-वडिलांचा सगळा भर या शब्दावर असतो, आणि पॅकेजवाले त्याला मान डोलावतात. परिचर्येत स्थिरता आहे, पण ती कुठल्या दारानं आत जाता यावर ठरते. राज्याच्या वैद्यकीय शिक्षण खात्यातल्या अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४००. केंद्राच्या रुग्णालयांत नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन ४४,९०० पासून. त्यावर भत्ते, रजा, सगळं. खासगी रुग्णालयात पहिल्या नोकरीचा आकडा याच्या निम्म्याच्याही खाली असू शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या केंद्रीय समितीनं २०१६ मध्येच सुचवलं होतं की ५० खाटांपेक्षा लहान खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना २०,००० पेक्षा कमी देऊ नयेत आणि २०० खाटांच्या वरच्या रुग्णालयांनी सरकारी पगाराच्या बरोबरीनं द्यावेत. ती शिफारस होती, अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली. बैठकीत फक्त सरकारी आकडा सांगितला गेला तर पुढचा प्रश्न विचारा : सरकारी भरती निघेपर्यंतची वर्षं कुठे काढायची? मुलगा असेल तर आणखी एक : एम्सच्या नॉर्सेट भरतीत जागांची वाटणी महिला ८० आणि पुरुष २० अशी आहे.

शिवाय नाइट ड्यूटी. ती पदवीबरोबर संपत नाही, सुरू होते.

परदेशाचं आमिष वेगळं तपासायचं. जर्मनीत परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळायला जर्मन भाषेची बी-२ पातळी लागते, आणि मराठी घरातल्या मुलीला शून्यापासून तिथपर्यंत यायला नोकरी सांभाळून दीड-दोन वर्षं सहज जातात. ब्रिटनला इंग्रजीची परीक्षा, मग संगणकावरची चाचणी, मग तिथे जाऊन प्रात्यक्षिक परीक्षा. या पायऱ्या न सांगता ‘बाहेर फार मागणी आहे’ एवढंच सांगणं ही विक्री झाली.

कलेच्या बाजूलाही असाच प्रश्न उलटा विचारायचा : अस्थिर म्हणजे नेमकं किती? इथे बहुतेक समुपदेशक ढेपाळतात, कारण त्यांना क्षेत्र दुरून माहीत असतं. पदवीला इथे दुय्यम वजन. स्टुडिओ किंवा एजन्सी दहा-पंधरा कामांचा पोर्टफोलिओ बघते, ॲनिमेशनमध्ये एक ते दीड मिनिटाची शो-रील (निवडक कामांची चित्रफीत), आणि तीही पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत आवडली तर पुढे. सगळ्यात दुबळं काम पोर्टफोलिओला खाली ओढतं. पंचवीस बरी कामं दाखवण्यापेक्षा दहा चांगली दाखवलेली बरी, हे मुलांना कुणी सांगत नाही. व्हीएफएक्समध्ये (चित्रपटांतल्या संगणकी दृश्यपरिणामांत) प्रवेशाची कामं म्हणजे रोटो आणि पेंट : फ्रेममागून फ्रेम माणसाची बाह्यरेषा कापत बसायचं. त्यात ‘कला’ किती, हा प्रश्न पहिल्या महिन्यातच पडतो. आणि नेमकी हीच कामं यंत्राकडे सगळ्यात आधी सरकताहेत. इलस्ट्रेशन आणि ग्राफिकमध्ये फ्रीलान्सचं उत्पन्न महिन्यामहिन्याला हेलकावतं, बिलं साठ-नव्वद दिवस अडकतात, वर टीडीएस कापून येतो तो रिटर्न भरल्यावर परत. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय फ्रीलान्स सुरू करू नये, हा या धंद्यातला जुना नियम.

‘मग चित्रकला शिक्षक होऊ दे’ हा घरचा आवडता तोडगा. तो मांडणाऱ्यांनी शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची वाचावी. सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तर कलाशिक्षणाला जो निदेशक द्यायचा, तो कायद्यानंच अंशकालीन आहे.

मधल्या वाटा : काही खऱ्या, काही कागदी

कला आणि आरोग्य अशी जोडी आलेल्या मुलांना रिपोर्टच्या शेवटच्या पानावर हमखास ‘आर्ट थेरपी’ (कलेच्या माध्यमातून उपचार) आणि ‘मेडिकल इलस्ट्रेशन’ (वैद्यकीय चित्रं काढणं) सुचवलेलं असतं. दोन्ही ऐकायला गोड. मेडिकल इलस्ट्रेशनचं पहिलं मोठं केंद्र बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये १९११ साली माक्स ब्र्योडेलच्या हाताखाली सुरू झालं, आणि अमेरिकेत ते आजही पदव्युत्तर शिक्षण आहे. तिथे शरीररचनेचा पाया आणि चित्रांचा पोर्टफोलिओ, दोन्ही लागतात. म्हणजे बारावीनंतर लगेच घ्यायची ती वाट नव्हे, पदवीनंतरची आहे. आर्ट थेरपीचं नाव संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत आलेलं आहे. पण अनुसूचीत नाव येणं आणि रुग्णालयाच्या भरतीत पद निघणं, यांत बरंच अंतर असतं. सहा महिन्यांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर ‘थेरपिस्ट’ ही पाटी लावायचा सल्ला मिळाला तर सावध व्हा.

रिपोर्टमध्ये जवळपास कधीच नसलेल्या दोन वाटा मात्र खऱ्या आहेत. एक ऑक्युपेशनल थेरपी. भारतात तिचं शिक्षण १९५० साली मुंबईच्या केईएममध्ये कमलाबाई निंबकरांनी सुरू केलं. जळालेल्या किंवा लकवा मारलेल्या हातासाठी स्प्लिंट (आधाराची पट्टी) बनवायची असेल तर त्या हाताचा आराखडा कागदावर काढायचा, थर्मोप्लास्टिकचा तुकडा कापायचा, गरम पाण्यात मऊ करायचा आणि थंड होण्याआधीच्या दोन-चार मिनिटांत हातावर नेमका बसवायचा. कडा टोचली की जखम होते. हे हाताचं कसब आहे. दुसरी प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्स, म्हणजे कृत्रिम अवयव आणि आधार तयार करणं. मुंबईत हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्थेत याची पदवी आहे. उरलेल्या पायाचा प्लास्टरचा साचा घेतल्यावर त्यावर कुठे भर घालायची आणि कुठे खरवडायचं, कुठे भार झेलायचा आणि कुठे हाड मोकळं सोडायचं, हे शिल्पकाराच्या डोळ्यानं आणि शरीरशास्त्राच्या ज्ञानानं ठरतं. नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे. जागा थोड्या आहेत, हा खरा तोटा. चाचणीत अवकाशीय आणि यांत्रिक दोन्ही गुण वर असतील आणि समुपदेशकानं ही दोन नावं काढलीच नाहीत, तर तुम्ही स्वतः काढा.

‘रक्त बघून चक्कर येते, म्हणून आरोग्य क्षेत्र नको’ असाही शेरा रिपोर्टमध्ये असतो. हे कारण पुरेसं नाही. रक्त पाहिल्यावर रक्तदाब एकदम खाली येतो म्हणून भोवळ येते, आणि त्यावर स्वीडिश मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ऊस्ट यांनी बसवलेली साधी पद्धत आहे. हात, पाय आणि पोटाचे स्नायू १० ते १५ सेकंद आवळून धरायचे, चेहऱ्यावर ऊब आली की सैल सोडायचे, २०-३० सेकंद थांबायचं, असं पाच वेळा. काही आठवड्यांच्या सरावानं बहुतेकांना फरक पडतो. उलटी-लघवी साफ करण्याची किळस मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल प्रश्नावलीत एकही प्रश्न नसतो. आजी-आजोबांच्या आजारपणात मुलगी काय करते, हे घरच्यांना चाचणीपेक्षा चांगलं माहीत असतं.

काय घ्यावं, काय टाळावं

पैसे भरण्याआधी एक प्रश्न थेट विचारा : तुम्ही कुठल्या कॉलेजला किंवा इन्स्टिट्यूटला मुलं पाठवता का, आणि त्याचे पैसे मिळतात का? समुपदेशन आणि ‘ॲडमिशन गाइडन्स’ एकाच टेबलावर चालत असेल तर सल्ला कुठल्या बाजूला कलणार ते उघड आहे. चाचणी घेणाऱ्याकडे मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी आहे का, मूळ गुण मिळतील का, आणि दोन-तीन महिन्यांनी दुसरी बैठक त्याच पैशांत आहे का, हेही विचारा. ‘लाइफटाइम सपोर्ट’ म्हणजे बहुधा व्हॉट्सॲप गटावरचे फॉरवर्ड.

दहावीनंतर, अकरावीची शाखा ठरवण्याआधी हे पॅकेज घेणं शहाणपणाचं. तेव्हा दारं उघडी असतात आणि जीवशास्त्र ठेवायचं की नाही हा निर्णय खरोखर समोर असतो. त्या वेळीही दोन-अडीच हजारांचं, छापील चाचणी आणि तासभर बैठक असलेलं पॅकेज पुरतं. वीस पानांच्या रिपोर्टसाठी जास्तीचे दहा हजार देऊ नयेत. ते पैसे उरवून मुलीला सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचा प्रथमोपचाराचा कोर्स करू द्या आणि चार आठवडे एक खरं चित्राचं काम करू द्या : ओळखीच्या दुकानाचं मेन्यूकार्ड, संस्थेचा फलक, काहीही. अट एकच, की काम सांगणाऱ्यानं तीनदा बदल सुचवायचे आणि तारीख पाळायला लावायची. तिसऱ्या बदलाला ती वैतागून सोडते की पुन्हा बसते, यातून षटकोनापेक्षा जास्त कळतं. संगणकावर करायचं असेल तर क्रिता, इंकस्केप, ब्लेंडर फुकट आहेत. महागडा टॅब्लेट आत्ता नको.

बारावीत असाल आणि फॉर्मच्या तारखा चालू असतील, तर पॅकेज सोडून द्या आणि ते पैसे दोन्हीकडच्या अर्जांत घाला. नर्सिंगची सीईटी आणि एएसी सीईटी एकाच वर्षी देता येतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमीलेअर आणि जात वैधता ही कागदपत्रं दोन्हीकडे कामाला येतात, नर्सिंगला शिवाय आरोग्य प्रमाणपत्र. एक काळजी घ्या : पहिल्या फेरीत एकीकडे जागा मिळाली आणि मूळ शाळा सोडल्याचा दाखला तिथे जमा झाला की दुसरीकडची फेरी अडते. दाखल्याच्या साक्षांकित प्रती आधीच काढून ठेवा आणि प्रवेश रद्द करून शुल्क परत मिळण्याची शेवटची तारीख दोन्ही माहितीपत्रकांतून लिहून घ्या.